कंट्रोलचे धान्य आणि आपले ताट

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी अष्टांगिक मार्ग, संविधान, मिलिंद राजाचे प्रश्न असे भारदस्त विषय मांडले. मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी 'रेशन' असे सांगितले. कार्यकर्ते जरा थबकले. "बाई, वर्षावासात रेशन?" असे एकाने विचारलेच. म्हणून सुरुवातीलाच त्या प्रश्नाचे उत्तर देते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत दोन गोष्टी एकीला लागून एक आलेल्या आहेत. पहिली आळवी नगरातली. भगवान बुद्ध तेथे आले असता एका गरीब शेतकऱ्याला धम्म ऐकायला यायचे होते. पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार टळली. बैल कळपात सोडून तो उपाशीपोटीच धावत आला. तोपर्यंत सगळ्यांची जेवणे झाली होती आणि लोक प्रवचनाची वाट पाहत बसले होते. भगवंतांनी त्याला पाहिले आणि काही उरले आहे का, असे विचारून आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले. तो जेवला, सावरला, मग धम्म सांगितला. लोकांना याचे नवल वाटले, तेव्हा भगवंतांनी भुकेला रोग म्हटले आणि उपाशी माणसाला धम्म समजत नाही हे स्पष्ट केले.

लगेच पुढची गोष्ट कोसलराजा पसेनदीची आहे. राजा पातेलेभर भात खाऊन भगवंतांकडे यायचा आणि बसल्या बसल्या पेंगायचा. त्याला जेवणात मात्रा राखायला सांगितले गेले. त्याचा भाचा रोज जेवणाच्या वेळी त्याला आठवण करून देई. हळूहळू भात कमी झाला, शरीर हलके झाले, आणि राजाने ते आनंदाने येऊन सांगितले. तेव्हा भगवंतांनी आरोग्याला लाभ म्हटले.

एक गोष्ट उपाशी शेतकऱ्याची, दुसरी अति खाणाऱ्या राजाची. अडीच हजार वर्षांपूर्वी हे दोघे वेगवेगळ्या घरांत राहत होते. आज ते आपल्या वस्तीत एकाच घरात राहतात. आईच्या अंगात रक्त नाही आणि बापाला मधुमेह आहे. मुलगी शाळेत चक्कर येऊन पडते आणि मामाचे पोट सुटलेले आहे. सर्वांचे पोट भरलेले आहे, पण भातानेच. म्हणून वर्षावासात रेशन.

आता रेशन म्हणजे काय, हे तरुण मुलांना थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. आमच्या घरची जुनी माणसे रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर सरकारी नियंत्रण आले, त्यातून हा शब्द पडला आणि तो आजही आपल्या विदर्भात टिकून आहे. स्वातंत्र्यानंतर टंचाईच्या वर्षांत अमेरिकेहून धान्य आले. त्यातला लाल मिलो पाहिलेली माणसे या सभागृहातही असतील. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. हमीभावाने गहू-तांदूळ खरेदी करायचा, गोदामात साठवायचा आणि दुकानांतून वाटायचा, अशी व्यवस्था उभी राहिली. १९९७ साली ती 'लक्ष्यनिर्धारित' झाली, म्हणजे गरीब कोण हे आधी ठरवून मग धान्य द्यायचे. आपल्या राज्यात १ मे १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. आपल्यापैकी कितीतरी घरांचे भवितव्य त्या तीन रंगांनी ठरवले.

२०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. धान्य ही सरकारची मेहरबानी न राहता कायद्याने मिळालेला हक्क झाला. प्राधान्य गटातील प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य. भाव ठरला तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफतच राहील असा निर्णय झाला. याच कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीला कार्डापुरते कुटुंबप्रमुख मानले आहे. उपासिकांनी हे ध्यानात ठेवावे.

हक्क या शब्दावर मी मुद्दाम जोर देते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला माहीत आहे. पण त्याच परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी काही सांगितले होते. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, आणि दारोदार फिरून शिळे तुकडे मागणे सोडा. पाण्याच्या हक्काबरोबरच बाबासाहेबांनी ताटाचाही प्रश्न उचलला होता. गावकीच्या बदल्यात मागून आणलेली भाकर आणि कायद्याने मिळालेला पाच किलोचा दाणा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीसाठी मान खाली घालावी लागत होती. दुसऱ्यासाठी अंगठा द्यावा आणि पावती मागावी. म्हणून "फुकटचे खातात" असे कोणी म्हटले तर आपल्या मुलांनी लाजू नये.

एवढे मान्य करून आता मी दुसरी बाजू सांगते. हक्क मिळाला, पण कशाचा? थोडे गणित करू. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, त्यामुळे फळा नसला तरी गणित केल्याशिवाय राहवत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने दिवसाला काय खावे याचे माप त्यांनी दिले आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शिवाय थोडे तेल आणि शेंगदाणे-जवसासारखे दाणे. मांसाहार करणाऱ्यांना डाळीचा काही वाटा अंडी, मासे, मटणातून भरून काढता येतो. आता पाच माणसांचे घर धरा. महिन्याला धान्य लागते साडेसदतीस किलो. कार्डावर मिळते पंचवीस किलो. म्हणजे धान्याच्या गरजेपैकी दोन-तृतीयांश भाग भागला. ही लहान गोष्ट नाही. पण त्याच घराला डाळ लागते पावणेतेरा किलो. या कायद्यात डाळीचा हक्क आहे शून्य. भाजी लागते साठ किलो. तिचाही हक्क शून्य.

घरात लहान मुले असतील तर हे आकडे खाली येतील, हे मला माहीत आहे. पण महिन्याला पावणेतेरा सोडा, सहा किलो तरी डाळ घरी येते असे सांगणारी किती कुटुंबे आपल्या वस्तीत आहेत? एका बाईंना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, डाळ करतो ना! पण वरण इतकं पातळ की ताटातून पळते." आम्ही दोघी हसलो. घरी आल्यावर मला ते हसू बरे वाटले नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. धान्य स्वस्त होत गेले, कायदा आला, आणि रक्त मात्र कमी झाले.

आता एक अवघड विषय काढते. गल्लीत सायकल घेऊन एक माणूस येतो आणि रेशनचा तांदूळ विकत घेतो, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. आपण त्यावर बोलत नाही. हा गुन्हा आहे, कार्ड रद्द होऊ शकते, आणि हक्काचा दाणा काळ्या बाजारात जाणे मला मुळीच मान्य नाही. पण त्या बाईला शिव्या देण्यापूर्वी ती त्या पैशांचे काय करते हे मी विचारले. काही घरांत ते पैसे दारूत आणि खर्ऱ्यात जातात, हे खरे. पण कितीतरी घरांत त्याच पैशांतून तेल, पावभर डाळ, कांदे-बटाटे आणि लेकरासाठी दोन अंडी येतात. म्हणजे सरकारने दिलेल्या तांदळाचे तिने आपल्या हाताने कूपन बनवले आहे. कार्डावर काय कमी आहे, हे ती सांगते आहे. तिचे ऐकले पाहिजे आणि तांदूळ विकण्याची गरजच तिला पडू नये अशी व्यवस्था मागितली पाहिजे.

कूपन म्हटले की अमेरिकेची आठवण येते, कारण तेथे गरिबांना धान्याऐवजी कुपने देण्याची पद्धत १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या शहरातून सुरू झाली. दोन रंगांची कुपने होती, केशरी आणि निळी. माणसाने एक डॉलरचे केशरी कूपन विकत घेतले की त्याला पन्नास सेंटचे निळे कूपन फुकट मिळे. केशरी कुपनावर कोणताही खाद्यपदार्थ घेता येई. निळ्यावर मात्र सरकारने जाहीर केलेलाच माल मिळे, आणि जाहीर तोच माल होई जो देशात जास्त पिकून पडून राहिला आहे. म्हणजे गरिबाच्या पोटाबरोबर शेतकऱ्याच्या उरलेल्या मालाचीही सोय. आपले रेशनही त्या निळ्या कुपनासारखेच आहे. गोदामात जे साठते ते ताटात येते. हमीभावाची सरकारी खरेदी मुख्यतः गहू आणि धानाची होते, म्हणून कार्डावर गहू आणि तांदूळ मिळतो. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे धान सरकार घेते, गिरण्यांत त्याची भरडाई होते आणि पांढराशुभ्र तांदूळ दुकानात येतो. यात शेतकऱ्याचे भले आहे आणि ते झालेच पाहिजे. पण डाळ पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे आणि डाळ न मिळणाऱ्या आईचे भले एकाच व्यवस्थेत का होऊ नये?

अमेरिकेतील लोकांनाही हा प्रश्न पुढे पडला. कुपनावर पोट भरते पण आजार वाढतात, असे तेथेही दिसले. तेव्हा २००९ साली डेट्रॉइट शहरात एक प्रयोग सुरू झाला. सरकारी मदतीच्या पैशांतून कोणी शेतकरी बाजारात फळे-भाजी घेतली की जितक्याची घेतली तितक्याचीच आणखी फुकट मिळायची, अर्थात ठरावीक मर्यादेपर्यंत. त्याच वर्षी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या तेथील योजनेत कोंड्यासकट धान्याचा पाव आणि फळे-भाज्या यांना स्थान मिळाले. काय खावे याचा उपदेश करत बसण्यापेक्षा चांगले अन्न गरिबाच्या हाताला स्वस्त करून दिले, हा त्यातला धडा.

"मग सरळ पैसेच द्या" असे कोणी म्हणेल. त्याचाही अनुभव आपल्या शेजारी आहे. २०२३ पासून वर्धा आणि अमरावती व मराठवाडा विभागांतील जिल्हे धरून चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. ३० रुपये किलोने गहू धरला तर पाच किलो होतो. भाव चाळीसवर गेला की पावणेचार किलो होतो. रक्कम तीच राहिली तर किलो कमी होतात. म्हणून दाणा सोडून रोकड घेण्याची घाई आपण करू नये. दाणा हवा, पण त्यात डाळ आणि भरड धान्य हवे, ही आपली मागणी असावी.

भरड धान्याचे नाव काढले म्हणून ज्वारीकडे येते. आमच्या आजीच्या घरी पोळी सणाला होत असे. रोज भाकर. सोबत चून, अंबाडीची भाजी, बरबटी, जवसाची चटणी, उन्हाळ्यात आंबील, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. हे सारे गरिबीचे खाणे म्हणून ओळखले जाई. मी शाळेत असताना माझ्या वर्गातली एक मुलगी डबा उघडताना झाकण आडवे धरायची, म्हणजे भाकर कोणाला दिसू नये. आपल्या समाजाला भाकर सोडाविशी वाटली त्यामागे मागून आणलेल्या तुकड्यांची आठवण होती. पोळी आणि पांढरा भात ही आपल्याला प्रतिष्ठेची खूण वाटली. मी याला चूक म्हणणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उष्टे खावे लागले त्यांनी चांगले दिसणारे अन्न मागितले, यात गैर ते काय?

पण काळाची गंमत पाहा. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. तीच ज्वारी आता मॉलमध्ये सुंदर पाकिटात बसली आहे, आणि झाकणाआड भाकर खाणारी ती मुलगी आज आजी होऊन डॉक्टरांनी सांगितले म्हणून ती विकत आणते. विदर्भातल्या शेतातून ज्वारी गेली आणि सोयाबीन आले. पाखरे, रानडुकरे, कणसे भरताना पाऊस आला की काळा पडणारा दाणा, मजुरी आणि न परवडणारा भाव, ही त्याची कारणे कोणताही शेतकरी सांगेल. परिणाम असा की गहू फुकट आणि ज्वारी विकत. अशा वेळी वस्तीत जाऊन "ज्वारी खा, नाचणी खा" असे व्याख्यान देणे म्हणजे आळवीच्या शेतकऱ्याला उपाशी ठेवून प्रवचन देणे होय. कायद्याच्या परिशिष्टात भरड धान्य लिहिलेले आहे. ते दुकानात येण्यासाठी मागणी आपण केली पाहिजे.

तोपर्यंत हातात आहे त्यातून काय करता येईल? उपासिकांनो, येथे एक दिलासा देणारी गोष्ट आहे. पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू दिले आहेत. अख्ख्या गव्हात सुमारे अकरा. पॉलिश केलेल्या तांदळात तीनहून कमी. म्हणजे कंट्रोलचा गहू तंतूंच्या बाबतीत ज्वारीच्या मागे नाही! तो अख्खाच येतो. आपण त्याला चक्कीवर बारीक दळतो, मग बारीक चाळणीने चाळून कोंडा बाजूला काढतो, आणि पुढे बद्धकोष्ठासाठी चूर्ण विकत आणतो. दळण थोडे जाडसर आणा, कोंडा फेकू नका. पोळी जरा सावळी होईल, होऊ द्या. नाचणी महाग वाटते, पण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. घरात वाढती मुले किंवा बाळंतीण असेल तर महिन्याला किलोभर तरी आणा. भात कमी करा, त्याच्यावरचे वरण घट्ट करा. लग्नाच्या पंगतीत आपण डाळभाजी बोटे चाटत खातो. पालक आणि डाळ, यापेक्षा चांगले औषध डॉक्टरकडे नाही. ती पंगतीपुरती का ठेवायची?

पैसा कुठून आणायचा? दोन जागा मी दाखवते. एक खर्रा. नागपूरच्या माणसाला याचे अधिक वर्णन करून सांगायला नको. घरातील माणसाने महिनाभर खर्ऱ्याचे पैसे डब्यात टाकावे आणि महिनाअखेर त्याची तूर डाळ तोलून पाहावी. दुसरी जागा मुलांच्या हातातली पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटे. त्याच पैशांत मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे येतात.

एक इशाराही देते. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसू लागले तेव्हा "प्लास्टिकचा तांदूळ" अशी हाकाटी झाली आणि बायकांनी ते दाणे वेचून फेकले. तो प्लास्टिक नव्हता. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते दाणे बनवलेले होते आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घातलेले होते. बुद्धीला पटेल तेच स्वीकारा, ही आपल्या शास्त्याची शिकवण आहे, ती अफवांनाही लागू आहे. मात्र पूर्व विदर्भात आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे रुग्ण आहेत. लोह घातलेल्या अन्नाच्या वेष्टनावर पूर्वी सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापणे बंधनकारक होते. तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर २०२४ साली ते बंधन काढले गेले. तरी घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर तांदळाविषयी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे, आणि रक्त कमी आहे म्हणून कोणाच्या सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. लग्नाआधी पत्रिका न पाहता सिकलसेलची तपासणी पाहावी, हे मी यापूर्वीही या व्यासपीठावरून बोलले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून स्वाधार योजनेचे पैसे मिळतात. नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी त्या योजनेत वर्षाला ६० हजार रुपये ठरवताना त्यांतले ३२ हजार भोजनासाठी धरले होते. बाबासाहेबांच्या नावाने आलेला तो तुमचा अन्नाचा हक्क आहे. हप्ता उशिरा येतो, मेसवाला थांबत नाही, हे मी जाणते. पण हप्ता आला की तो मोबाइलच्या रिचार्जात आणि चायनीजच्या गाडीवर जाऊ नये. खोलीत चौघे राहता तर एक कुकर घ्या. कुकरमध्ये खिचडी करता येत नाही अशा मुलाला मी पदवीधर मानत नाही. आणि तुमच्या गावाकडच्या कार्डात नाव असेल तर आता देशात कुठेही, नागपुरातसुद्धा, आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते. घरच्यांशी बोलून ते करा.

शेवटी आपल्या संस्थेसाठी चार सूचना ठेवते. सभासदांनी त्यांवर चर्चा करावी.

पहिली. दर महिन्याच्या पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. त्याच दिवशी वीस-पंचवीस कुटुंबांनी डाळ, ज्वारी आणि शेंगदाण्याची वर्गणी एकत्र करावी आणि इतवारी किंवा कळमन्याहून पोत्याने माल आणून तोलून वाटावा. एकेकट्याने पावशेर डाळ घेणाऱ्याला सर्वांत महाग भाव पडतो. हिशेब बायकांकडे असावा आणि भिंतीवर लागावा.

दुसरी. रेशन दुकानावर देखरेखीसाठी दक्षता समितीची तरतूद कायद्यातच आहे. तिच्यात आपले शिकलेले तरुण गेले पाहिजेत. अंगठा दिल्यावर यंत्रातून निघणारी पावती घ्यायची, ती वाचायची, वजन कमी भरले तर १९६७ क्रमांकावर तक्रार करायची. मला स्वतःला एका दुकानात "पावती कशाला पाहिजे?" असे विचारले गेले होते. मी म्हटले, "वाचता येते म्हणून."

तिसरी. अन्नदान. १४ ऑक्टोबर १९५६ च्या स्मृतीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या बांधवांसाठी आपण दरवर्षी पुरी-भाजी आणि बुंदी वाटतो. लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दोन दिवस सतत तळलेले खावे लागते आणि त्यांच्यात कितीतरी मधुमेही असतात. यंदा डाळभाजी-भात, उसळ, फुटाणे आणि केळी देऊ या. खर्च वाढणार नाही.

चौथी. शासनाकडे लेखी मागणी. २०२३ साली गुढीपाडवा आणि बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला. त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. सणाला गोड हवे, मान्य. पण त्या चारांतील चणाडाळ तेवढी बारा महिने कार्डावर द्या, सोबत वाटणीतला काही गहू-तांदूळ कमी करून ज्वारी द्या, अशी मागणी आपण सह्या गोळा करून करावी. साखर आणि पामतेल एकदा देता येते, तर डाळ दर महिन्याला का देता येणार नाही, हा साधा प्रश्न आहे.

मंडळी, महाडला बाबासाहेबांनी मागून आणलेला तुकडा टाकायला सांगितला. आपण टाकला. त्याच्या जागी हक्काचा दाणा आला, त्याला आपल्या वडिलांच्या पिढीचे कष्ट लागले. आता त्या दाण्याशेजारी घट्ट वरण, हिरवी भाजी आणि जवसाची चटणी यावी यासाठी झटणे हे आपल्या पिढीचे काम आहे. आळवीच्या त्या शेतकऱ्याला भगवंतांनी आधी जेवू घातले. पुढच्या वर्षी येथे धम्मावर व्याख्यान होईल तेव्हा समोर बसलेल्या मुलींच्या डोळ्यांत पेंग आणि ओठांवर पांढरेपणा दिसू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

 वीस-पंचवीस कुटुंबांच्या यादीत पहिले नाव माझे लिहा.

नमो बुद्धाय. जयभीम.